बाप्तिस्म्याचं पाणी

३ मार्च, मंगळवार

भाच्याला पुरून आलो. पाच महिन्यांचा जीव. जुलाब, ताप — दोन दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. मामाही मीच, पाळकही मीच! नऊ दिवसांपूर्वी याच हातांनी बाप्तिस्मा दिला होता त्याला.

कबरीपाशी म्हणालो, "तो आता चांगल्या घरी आहे." धाकटी बहीण, त्याची आई, माझ्याकडे बघत म्हणाली, "दादा, आपलं घर काय वाईट होतं रे?"

बावीस वर्षं हेच वाक्य लोकांना ऐकवतोय. आज पहिल्यांदा कुणीतरी उलट विचारलं.

५ मार्च

बायकोने जेवायला तीन हाका मारल्या. उठवेना.

८ मार्च, रविवार

उपदेश लिहून नेला होता, तो बाजूलाच ठेवला. म्हणालो, देवाचं राज्य इथे पृथ्वीवर यावं म्हणून आपण रोज प्रार्थना करतो — आणि मी मात्र तुम्हाला सतत वर बोट दाखवत राहिलो! प्रभूने आंधळ्याला 'वर गेल्यावर दिसेल' असं सांगितलं का? उपाशी माणसांना जेवायलाच घातलं ना? मग वस्तीतलं घाण पाणी हाही देवाचाच विषय. या वर्षात चार लेकरं पुरली मी. चारही वेळा देवाच्या नावावर बिल फाडून मोकळा झालो!

उपासनेनंतर निवृत्त मास्तरांनी गाठलंच. "पाळकसाहेब, स्वर्गातून थेट नळावर उतरलात की!"

उतरलो खरा. फार उशिरा.

१२ मार्च

स्वच्छ पाण्यासाठीच्या अर्जावर एकशे चाळीस सह्या. पहिली धाकटीची. पाणीखात्याचा तपासनीस आला, नळानळाचे नमुने घेऊन गेला — चर्चच्या मागच्या नळाचाही. तो नळ माझ्या डोक्यातही आला नव्हता.

धाकटीचं आपलं एकच. "बाळासाठी थेंबन् थेंब उकळत होते रे दादा. मग हे दुखणं आलं कुठून?" तिच्या डोळ्यांत बघवत नाही.

१९ मार्च

अहवाल आला. सगळ्यात वाईट नमुना चर्चच्या नळाचा! फुटक्या गटाराचं पाणी त्यात मिसळतंय. राखणदार म्हणाला, "वास येतो म्हणून सांगितलं होतं ना साहेब?" सांगितलं होतं. मी हसून म्हणालो होतो, "आपल्याला कुठे प्यायचंय!"

बाप्तिस्म्याचं पाणी त्याच नळाचं. पण ते फक्त कपाळाला लागतं. फक्त कपाळालाच.

२० मार्च

अहवाल खिशात घेऊन धाकटीकडे गेलो. पाळण्याशेजारी फळीवर इवलीशी बाटली. बाप्तिस्म्याचं उरलेलं पाणी — मीच हौसेने भरून दिलं होतं. बाटली अर्ध्याच्याही खाली गेलेली.

"रोज आंघोळ झाली की एक चमचा पाजायचे," ती म्हणाली. "तेवढं नाही उकळलं. तू आशीर्वाद दिलेलं पाणी कसं उकळायचं?"

मग माझ्या खिशातल्या कागदाकडे बघून विचारलं, "कळलं का रे दादा, कुठून आलं?"

सांगितलं.