खांबाची सावली

मंगळवार, मे १९९९. संध्याकाळ.

साहेबांना सांगून टाकलं, पूर्वेकडची खुंटी ठोकता आली नाही, खाली कातळ लागला. खोटं बोललो. तिथं चांगली मऊ माती आहे.

पण करणार काय? अख्ख्या पठारावर झाड नाही. दुपारी तीनच्या उन्हात सावली म्हणजे पवनचक्कीच्या खांबाची तेवढी एक पट्टी, आणि त्या पट्टीत मेंढरं एकामागे एक ओळीनं बसलेली. ओळीच्या टोकाला म्हसवडकडची एक धनगर आजी. नेमकी तिथंच माझी कुंपणाची खुंटी यायची होती. ‘उठा’ म्हणायला गेलो, तर मला बघून तीच सरकली. "बस की रं लेकरा. ऊन लय हाय."

बसलो. खुंटी आणि मोजणीची टेप मांडीवर. सावली हलली की मेंढरं उठायची आणि पुन्हा ओळ धरायची. आजी सरकायची, मग मीही.

"ह्ये कशापायी मोजताय?"

म्हटलं, पवनचक्कीभोवती तारेचं कुंपण घालायचंय. ती सावलीकडे बघत राहिली. "मग ही आत जाईल व्हय?"

तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नकाशात खांब आहे, रस्ता आहे. सावली कुठं आहे?

कुंपण जरा आत घ्या म्हणावं, तर कारण काय देऊ? मेंढरं? हसतील.

उद्या साहेब स्वतः कातळ बघायला येणार आहेत. सकाळी नको. तीनच्या उन्हातच नेतो त्यांना. आजी सरकून जागा देईलच.