धुक्यावरचा लाकडी घोडा

द्वारका, नवी दिल्ली, डिसेंबर १९९८

तीर्थरूप बाबांना सुनयनाचा नमस्कार.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

आमच्या नव्या हॉटेलचे मालक मेहरासाहेब पोलोचे वेडे आहेत. गेल्या वर्षी सामन्यात पडल्यापासून त्यांना घोडा बंद आहे. म्हणून त्यांनी गच्चीवर सरावाचा लाकडी घोडा मागवला. गच्ची तो भार पेलेल का, हे इंजिनियर म्हणून मी पाहायचं होतं.

"सर, डॉक्टर काय म्हणतील?" मी हिंदीत विचारलं.

"बेटा, डॉक्टर ने घोड़ा मना किया है, लकड़ी नहीं."

काल सकाळी खाली सगळं गुडगाव धुक्यात बुडालं होतं. साहेब घोड्यावर बसले, डोळे मिटले आणि लांब काठीने चेंडू टोलवत राहिले. ते धुक्यावरून दौडत चालल्यासारखे दिसत होते. मलाही क्षणभर टापा ऐकू आल्या. तुमच्या घोडदळाच्या मैदानावर यायच्या, तशाच.

आई लिहिते, पडल्यापासून तुम्ही अंगणातही उतरत नाही. त्यावर मी काही म्हणत नाही. फक्त कळवते, की गच्चीचा हिशोब मी दोन घोड्यांचा केला आहे.

साहेबांना ते काल सांगितलं, तुमच्या घोडदळातल्या नोकरीचंही. म्हणाले, "रिसालदारसाहब को जल्दी बुलाओ. अकेले क्या खेलना!"

तुमची,
सुनयना