आत्या, त्या वॉर्डात मी पुन्हा कशी जाऊ?

प्रिय आत्या,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात रोज तुमच्याशी बोलते. आज कागद घेऊन बसले, कारण आज नर्सिंग कॉलेजात जाऊन मॅडमना सांगितलं की मी कोर्स सोडते. त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत विचार कर, मग सांग." विचार कोणाबरोबर करू? असले विचार मी कायम तुमच्याबरोबरच केलेत.

लग्न होऊन वरळीच्या या चाळीत आले, तेव्हा तुम्हाला आई म्हणताना माझी जीभ अडखळायची. तुमच्या ते लगेच लक्षात आलं. "आई तुझी गावाला आहे, धडधाकट आहे. मला आत्या म्हण," असं म्हणून तुम्ही विषय संपवलात. सासूला घाबरायचं असतं असं ऐकून आले होते. ते राहूनच गेलं.

आणि जीएनएमचं, या मोठ्या नर्सिंग कोर्सचं खूळ माझं नव्हतंच, तुमचं होतं. मी लालबागच्या त्या छोट्या हॉस्पिटलात एएनएम, म्हणजे छोट्या कोर्सवाली नर्स म्हणून सुखात होते. इंजेक्शनं, सलाईन, ड्रेसिंग, बाळंतिणींचं सगळं करत होते. तुम्हीच म्हणालात, "पण मोठ्या हॉस्पिटलात तुला सिस्टर म्हणून घेतील का? नाही ना? मग शीक." तुम्ही स्वतः परळच्या मॅटर्निटी होममध्ये आया होतात. "जन्मभर मला लोकांनी 'मावशी, बादली आणा' म्हणून हाक मारली. मला घरात एक सिस्टर बघायचीय." मी फॉर्म भरला.

सकाळी वॉर्ड आणि लेक्चर, संध्याकाळी लालबागला ड्युटी. आमच्या मितूची शाळा, डबा, अभ्यास, वेणी, सगळं तुमच्याकडे. अमोल म्हणाले, "तिला झेपणार नाही, आई." तुम्ही त्यांच्या हातात विळी दिलीत. "झेपायचं तिला आहे. तू भेंडी चिर."

तोंडी परीक्षेची तयारी तर तुम्हीच करून घ्यायचात. इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी पुस्तक मांडीवर उघडं. मी घडाघडा बोलायचे, आणि जिथे अडखळले तिथे तुमचं बोट वर. "थांबलीस म्हणजे येत नाही. परत सांग. मराठीत सांग, मला पण कळू दे."

म्हणूनच मला तुमचा राग येतो, आत्या. खरंच येतो.

तुमचे पाय सुजलेले मी पाहिले होते. अंगठ्याने दाबलं तर खळगा पडला. मी म्हटलं, उद्याच ओपीडीत जाऊ. "तुझे पेपर होऊ देत, मग जाऊ. गुडघ्यांमुळे आहे ते." मग उशाला उशीवर उशी आली. विचारलं, तर मान धरलीय म्हणालात. शेजारच्या कुंदाताईंनी तुम्ही गेल्यावर सांगितलं, जिना चढताना तुम्ही मध्येच पायरीवर बसायचात आणि हे सुजाताला कळता कामा नये म्हणून त्यांना शपथ घातली होतीत.

हृदय थकलं की काय काय होतं, तो धडा तुम्ही माझ्याकडून मराठीत म्हणून घेतला होतात ना? पायाला सूज येते, आडवं झालं की दम लागतो, हे मी तुमच्याच समोर बसून पाठ केलं होतं. म्हणजे तुम्हाला कळत होतं. कळत होतं आणि तुम्ही गप्प बसलात. माझे पेपर तुमच्यापेक्षा मोठे होते का?

त्या दिवशी मी मेडिकल वॉर्डात होते. ट्रॉली आत आली, मी सवयीने पुढे झाले आणि पाहते तर तुम्ही. बाजूला कुंदाताई रडत होत्या. तुमचे ओठ निळे पडले होते. मी डोकं उंच केलं, ऑक्सिजन लावला, बीपीचा पट्टा गुंडाळायला घेतला. तेवढ्यात इन्चार्ज सिस्टरांनी माझा हात धरला. "कोण लागतात तुझ्या?"

"सासूबाई."

"मग तू आज स्टुडंट नाहीस, नातेवाईक आहेस. बाहेर थांब."

त्या चुकीचं बोलल्या नाहीत. पण माझ्या अंगावर युनिफॉर्म होता, आत्या. तुम्ही सकाळी इस्त्री केलेला. तुम्ही मास्क बाजूला करून शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलंत, "माझी सून आहे. शिकतेय." ते मला दारातून ऐकू आलं. तुमचं ऐकलेलं शेवटचं वाक्य तेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सगळे तुमच्या खाटेकडे धावले. बाहेर बाकावर अमोल होते, कुंदाताई होत्या. त्यांना आशा होती. आतून आवाज येत होते, आणि त्यातला प्रत्येक आवाज मला कळत होता. कुठली ट्रॉली आणली, डॉक्टरांनी काय मागितलं, कधी छाती दाबायला घेतली आणि कधी थांबले. अमोलनी विचारलं, "आत काय चाललंय गं?" मला माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं. डॉक्टर बाहेर येईपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले. त्यांची आई गेली हे त्यांच्याआधी मला कळलं होतं. हे शिक्षण कशासाठी घेतलं मी? यासाठी?

तुमच्या मागच्या कार्याला, पुण्यानुमोदनाला, चाळीतले सगळे आले. बुद्धवंदना झाली, लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. मग सगळे आपापल्या कामाला लागले आणि आमच्या घरात तुम्ही किती होतात ते आम्हाला कळायला लागलं. मितूला शाळेतून आणायला कोणी नाही. कुंदाताई आणतात, पण त्यांचेही गुडघे दुखतात. मितू त्यांच्याकडे जेवत नाही. "आजीसारखी आमटी नाही," म्हणते. माझीही तशी होत नाही.

अमोल ओरडत नाहीत. ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं. परवा जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "आपण तिघं होतो म्हणून जमत होतं, सुजाता. आता बस कर."

पण खरं कारण त्यांना माहीत नाही. माझे मेडिकल वॉर्डातले दिवस अजून भरायचेत. ते भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मी रोज युनिफॉर्म घालून निघते, वॉर्डाच्या दारापर्यंत जाते, आणि पाय पुढे पडत नाहीत. मग बस पकडून परत वरळीला येते आणि सी फेसवर कठड्यावर बसून राहते. घरी वाटतं मी कॉलेजला आहे. लालबागलाही परवा एका आजींचे सुजलेले पाय पाहिले आणि चादरींच्या खोलीत जाऊन रडले. मी नर्स तरी उरलेय का, आत्या?

आज मॅडमना भेटून निघाले, तर हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एका बाईने माझा दंड धरला. "सिस्टर, माझ्या आईला बघा ना, दम लागलाय. आत कोणी लक्ष देईना." मी म्हणणार होते की मी सिस्टर नाही. पण ती मला ओढतच घेऊन गेली. तिची आई आडवी पडली होती, तोंडाने श्वास घेत होती. मी तिला उठवून बसवलं, पाठीशी उशा लावल्या, सिस्टरांना हाक मारली. त्यांनी ऑक्सिजन लावला, डॉक्टर आले. थोड्या वेळाने म्हातारीचा दम खाली बसला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी त्याच वॉर्डाच्या मधोमध उभी आहे.

तुमच्या खाटेवर एक तरुण मुलगी बसून केळं खात होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि साल कुठे टाकू म्हणून विचारलं. मी तिला डबा दाखवला.

मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. पण घरी आल्यावर अमोलना सगळं सांगितलं, सी फेसवरचंही. ते म्हणाले, "मला पण त्या हॉस्पिटलच्या रस्त्याने जाववत नाही. मी बस एक स्टॉप आधी सोडतो आणि दुसऱ्या गल्लीने चालत जातो." आम्ही दोघं एकाच घरात, एकमेकांपासून लपून तुमच्यासाठी रडत होतो.

"मग सोमवारी काय करणार?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मी ऑफिसात सकाळची शिफ्ट मागून बघतो. देतील असं नाही. मितूचं तेवढं बघेन. पण आमटीचं माझ्याच्यानं होणार नाही."

आत्या, मी पास होईन, सिस्टर होईन असलं वचन तुम्हाला देत नाही. ते माझ्या हातात राहिलंय असं मला वाटत नाही. सोमवारी सकाळी वॉर्डात जाईन आणि ड्युटी संपेपर्यंत आत राहीन, एवढं वचन घ्या. मंगळवारचं मंगळवारी बघेन.

तुमची सून,
सुजाता