पुतळ्याची बायको

९ जुलै, मंगळवार

ह्यांचा खोकला बसला. छकुलीचा ताप उतरला. सूनबाईची कंबर तशीच. माझं म्हणशील तर अंगाला काही न्हाई झालं, पण डबा तसाच परत आणला.

आज दवाखान्यात, अपघाताचे पेशंट आणतात त्या खोलीत, खोट्या पेशंटांची तालीम झाली. खरा जीव जायच्या आधी लपलेली चूक सापडावी म्हणून. तालीम घेणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम दोन रबरी पुतळे घेऊन आल्त्या. म्हणाल्या, आसराबाई, फडकं राहू द्या, आज तुम्ही ह्या पुतळ्याची बायको. नाव विचारलं तर तुमच्या मालकांचंच सांगा. सगळे हसले. मीही पदर सावरून बसले — हौस, दुसरं काय!

शीतल सिस्टर पळत आली. नवीन पोर, कंत्राटावरची. "मावशी, बाबांचं नाव?" मी खाली बघितलं. तिनं परत विचारलं. म्हणाले, "छकुलीचे आजोबा." जन्मात मालकांचं नाव तोंडातून काढलं न्हाई, ते पुतळ्यासाठी कसं निघावं? तिनं कागदावर नुसतं 'बाबा' लिहिलं. शेजारच्या खाटेवरचाही बाबाच! माझ्या पुतळ्याची सुई त्याला गेली.

मॅडम काचेपलीकडं, त्यांना आमचं बोलणं ऐकू गेलं न्हाई. दवाखान्याचे मोठे साहेब सगळ्यांदेखत शीतलला म्हणाले, "खरा माणूस असता तर?" शीतलनं एकदा माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं बोट न्हाई दाखवलं. मी चहाचे कप गोळा करायला लागले.

१० जुलै

आजही साहेबांना खरं सांगितलं न्हाई. शीतलनं डब्यातली चटणी पुढं केली. वर विचारते, मावशी, बरं न्हाई का? तिनं मला विचारावं!

११ जुलै

ह्यांना सांगितलं. आधी हसले. "घ्यायचं व्हतं की नाव, मी काय लगेच मरणार व्हतो?" मंग म्हणाले, "पोरीचं पोट हाय ते. उद्या सांगून टाक."

१२ जुलै

मॅडमला अन् साहेबांना सांगितलं. साहेब कागदांवर सह्या करत राहिले. मॅडम म्हणाल्या, हेच तर शोधायला आल्तो! अशा किती बाया गप्प बसत असतील. आता बाई नाव सांगंना तर आधार कार्ड बघायचं, लेकाला विचारायचं. मनगटावर नावाची पट्टी बांधल्याबिगर सुई न्हाई. उद्या परत तालीम.

शीतल दिसली न्हाई. सुट्टी असंल.

१३ जुलै

"राधाकिसन." मी मोठ्यानं म्हणाले. विचारणारी सिस्टर दुसरी व्हती.

शीतलला साहेबांनी गुरुवारीच संध्याकाळी सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ती जाफराबादला, माहेरी गेली. मी एक दिवस उशिरा बोलले.

फोनवर लिहून पाठवलं — पोरी, चूक माझी व्हती. रागाव, शिव्या दे, पण जल्दी काहीतरी लिही.