फेअरलेनची खोटी मूठ

मी, डेल्मस रे कटलिप, वय चौऱ्याहत्तर, राहणार लॉरेल फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया, पूर्वी खाणीतल्या यंत्रांचा मेकॅनिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती आहे, पण भीतीने मृत्युपत्र बाद होत नाही असं शेजारी डेन्झिल हायव्हली म्हणतो, आणि तो दोनदा ज्युरीत बसलेला आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मी जन्मभर जुने भाग काढून नवे बसवले. त्यात काय काय चुकू शकतं ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि तेच डोक्यातून जात नाही.

कलम एक. घर, मागचं रान आणि बँकेत जे काही असेल ते सगळं माझी पत्नी आर्व्हेला हिचं. त्यावर कोणीही हक्क सांगू नये.

कलम दोन. माझी सर्व हत्यारं कोलंबसला राहणारी मुलगी टोन्या हिला. त्यांतला मोठा टॉर्क पाना माझा भाऊ ओकी याच्याकडे एकवीस वर्षं आहे. "उद्या आणून देतो" म्हणून नेला होता. टोन्याने तो त्याच्या घरी जाऊन उचलून आणावा, विचारत बसू नये.

कलम तीन. आमच्या फेअरलेन गाडीतून काढलेला मूळचा चार गिअरचा गिअरबॉक्स ओकीला द्यावा. मी नवा पाच गिअरचा बसवत होतो तेव्हा तो रोज शेडमध्ये येऊन उभा राही. "एवढ्या चांगल्या गाडीची वाट लावलीस रे," म्हणे, आणि मग आर्व्हेलाच्या हातचे बीन्स नि मक्याची भाकरी दोनदा वाढून घेई. आता बस म्हणावं तो बॉक्स मांडीवर घेऊन.

कलम चार. १९६६ सालची निळी फोर्ड फेअरलेन. हे कलम लांबणार आहे.

ही गाडी आर्व्हेलाची. लग्नाआधीपासून तीच चालवत आली. पण जुन्या बॉक्सला चारच गिअर, हायवेवर इंजिन इतकं ओरडायचं की कोलंबसला पोचेपर्यंत तिचं डोकं उठायचं. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी नवा बॉक्स घातला. गाडीच्या तळाचा बोगदा कापला, बॉक्स पेलणारा आडवा पट्टा नव्याने वेल्ड केला, शाफ्ट आखूड करून घेतला. काम असं झालं की वरून पाहून कोणाला कळू नये. न कळण्यातच आम्हा मेकॅनिकांचा सगळा मोठेपणा. म्हणून गिअरच्या दांड्यावर मूठ मी जुनीच ठेवली, पांढरी, गिअरचा नकाशा कोरलेली. जुन्या गाड्यांच्या मेळ्यातल्या परीक्षकाने तिच्यावरून बोट फिरवलं, "अस्सल," म्हणाला आणि मला पहिलं बक्षीस दिलं.

त्या मुठीवर रिव्हर्सचा 'आर' कोरलाय तो चालवणाऱ्याच्या बाजूला, पुढे. जुन्या बॉक्सला रिव्हर्स तिथेच होता. नव्या बॉक्सला तिथे पहिला गिअर आहे. रिव्हर्स पार पलीकडे, मागे. पाचव्या गिअरचं कौतुक मी आर्व्हेलाला तासभर सांगितलं. रिव्हर्सची जागा बदलली, हे सांगायचं राहिलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी, नवा बॉक्स बसल्यावर पहिल्यांदाच, ती गाडी घेऊन चर्चला निघाली. मी शेडमध्ये गाडीच्या पुढ्यात, कामाच्या जड बाकाशी उभा होतो. तिने मागे जायचा गिअर टाकला, निदान तिला तसं वाटलं, आणि गाडी झेप घेऊन माझ्या अंगावर आली. गुडघा बंपर आणि बाकाच्या मधे सापडला. बाकामुळे गाडी थांबली. बाकापलीकडे शेडच्या नुसत्या फळ्या आहेत, आणि फळ्यांपलीकडे खाली ओढ्यापर्यंत चाळीस फूट काही नाही.

ती धावत आली. "मी मागेच टाकला होता रे! देवाशपथ, मागेच टाकला होता!"

मला त्या क्षणी सगळं कळलं. आणि मी म्हणालो, "तुझं लक्ष नव्हतं, आर्व्हेला."

हे मी लिहून देतो. दुखण्याच्या भरात बोललो म्हणावं, तर नंतर पाच महिने होते. मूठ बदलली असती तर तिने का म्हणून विचारलं असतं. ओकीला कळलं असतं, मेळ्यात कळलं असतं, की कटलिपने स्वतःच्या बायकोला खोटा नकाशा दिला. मी मूठ ठेवली. तेव्हापासून तिने गाडीला हात लावलेला नाही; शेडमधून काढणं, चालवणं, सगळं लंगडत मीच करतो.

तिची आई शेवटी स्वतःचं नाव विसरली होती. मे महिन्यापासून आर्व्हेला कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवते. "शेगडी बघ." "किल्ली खिशात." परवा म्हणाली, "डेल्मस, माझं आईसारखं होत असेल तर मला सांगशील ना?" मी सांगेन म्हणालो. पुढच्या मंगळवारची तिने विसराळूपणाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. गुरुवारी माझं बरंवाईट झालं तर ती त्या डॉक्टरांकडे एकटी जाईल आणि आपण वेडे होतोय असं सांगेल. मला मरणाची भीती वाटते, पण याची जास्त वाटते. म्हणून माझ्या पश्चात आर्व्हेलाला हे कलम वाचून दाखवावं, आणि तिने ते ऐकेपर्यंत गाडीला हात लावू नये.

इथवर लिहून मी कागद डेन्झिलपुढे सहीसाठी ठेवला. त्याने वाचला आणि चष्मा काढला.

"तू लेका शुद्धीवर आहेस असं मी खाली लिहून देणार आहे ना?"

"हो. का?"

"हे वाचणार तू मेल्यावर. आणि गुरुवारी तुला बघायला इस्पितळात ती येणार कशाने? शेडमध्ये तू नसशील, आणि गाडी अडवणारा तो बाक तर तू रागाने जाळून टाकलास."

मी कागद परत घेतला. डेन्झिलनेच हाक मारली. आर्व्हेला पिठाचे हात पुसत आली. कलम चार मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

ती खुर्चीत बसली. "म्हणजे मी बरोबर होते?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

"पाच महिने मी आरशात स्वतःला माझं नाव विचारतेय, डेल्मस." ती रडली नाही. तिने खुंटीवरची किल्ली घेतली.

"अगं, आधी मूठ तरी बदलू दे."

"मुठीकडे बघणार कोण आता?" ती म्हणाली आणि गेली.

पुढचं मी कलमात बसत नसलं तरी लिहितो. गुडघ्यामुळे मला तिच्यामागे धावता येईना. डेन्झिल खिडकीशी गेला, मी त्याला म्हटलं, काय दिसतं ते बोलू नकोस. इंजिन सुरू झालं. मग बराच वेळ नुसतं इंजिनच. एवढा मी खाणीत छत खचलं तेव्हाही घाबरलो नव्हतो. गाडीच्या पुढे फळ्या आहेत आणि मागे खडी. मी फळ्या मोडायची वाट बघत होतो. खडी वाजली.

गाडी रस्त्याला लागली आणि वळणापलीकडे गेली. ती कुठे गेली आणि परत कधी येणार, मला ठाऊक नाही. तिने सांगितलं नाही आणि विचारायचा हक्क मला राहिलेला नाही. गाडी तिचीच आहे. कलम चारमध्ये मी देण्यासारखं काही नाही, ते रद्द समजावं.

वरील मजकूर आम्हांसमोर वाचला गेला व त्यावर सही झाली. लिहिणारा शुद्धीवर आहे. सही वाकडी आली आहे, पण ती त्याचीच आहे.

सही: डेल्मस रे कटलिप
साक्षीदार: डेन्झिल हायव्हली, मॅक्सीन हायव्हली (डेन्झिलची पत्नी, सहीसाठी बोलावलेली)
लॉरेल फोर्क, सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९, दुपारी सव्वातीन. आर्व्हेला अजून आलेली नाही.