नावाने मारलेली हाक

बाबेलदाओब, पलाऊ
१२ ऑक्टोबर १९८६

चि. फुमिकोस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू ग्वामहून धाडलेले हॉटेलातले साबण मिळाले. अळूच्या चिखलातून निघालेल्या आम्ही बायका आता मडमेसारखा वास मारत हिंडतो.

खरं लिहायचं ते आपल्या भावाबद्दल. रेमेसाल राजधानीत, कोरोरच्या विधिमंडळात गेल्यापासून काही धड सांगत नाही. परवा तो एका गोऱ्या वकिलाला घेऊन आला. वकील चटईवर मांडी घालून बसला, माझ्या हातचं अळू खाल्लं, वर सुपारीसुद्धा चघळली. एवढा गोडवा फुकटचा नसतो. त्यात रेमेसालच्या होडीला नवंकोरं इंजिन. कुठून आलं विचारलं तर हसला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

डिसेंबरात अमेरिकेशी कराराचं मतदान आहे. चारांत तीन मतं पडली तर करार झाला. आजवर हाच भाऊ 'नको, नको' म्हणून घसा कोरडा करत होता. आता मत काय विचारलं तर गावसभेत बोलेन म्हणतो. त्याने 'हो' म्हटलं की अर्धा गाव मागे जाईल, हे तुला सांगायला नको. करारात लिहिलंय म्हणे की त्यांच्या फौजेला जमीन लागली तर ते 'मागतील'. वकील म्हणाला, नुसतं मागणार, बळजबरी नाही. अगं, पण आपल्यात दारात येऊन मागणाऱ्याला कोणी कधी नाही म्हटलंय का? तो शब्द कोणी शोधून काढला असेल त्याला आपली खोड पक्की ठाऊक आहे. आईने आपल्याला दिलेले अळूचे मळे असेच जातील.

म्हणून विचारते. 'रेमेसाल' हे पद आपल्या घराचं. त्याला ते आपण दोघींनी दिलं, आणि काढायचं तर आपणच काढायचं. चारचौघांत त्याला पाळण्यातल्या नावाने हाक मारली की पद गेलं. सभेत तो 'हो' म्हणाला तर मी हाक मारणार. तुझं काय ते कळव. सभेआधी पत्र आलं नाही तर तुझी संमती धरते.
वेस्लीला पापा. काळजी घे, आणि लवकर लिही, नाहीतर माझी झोप उडते.
तुझी ताई,
हात्सुए

ग्वाम
२० ऑक्टोबर १९८६

ती. ताईस,
फुमिकोचा सा. न. वि. वि. पत्र आजच हातात पडलं, लगेच लिहायला बसले. तुझ्या संशयाला औषध नाही गं. लहानपणी जपान्यांच्या राजवटीत शाळेतल्या मास्तरांनी खाऊची गोळी दिली तर तीही तू आधी मला चाखायला लावायचीस. ती कडू निघाली असती तर मी मेले असते, हे कधी मनात आलं का?

इथे हॉटेलात चादरी धुऊन माझ्या हाताची सालं निघाली आहेत, पण माझ्या पोराचं, वेस्लीचं कॉलेज चालू आहे. सगळं अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीवर. करार पडला तर ती बंद होईल, असं इथे सगळेच बोलतात. पण आता त्याची पुढची वर्षं मार्गी लागली. ती चिंता मिटली माझी.

पदाची घाई करू नकोस. रेमेसाल इंजिनापायी विकला जाणारा माणूस नाही, त्याला आपणच अंगाखांद्यावर खेळवलंय. कधी कधी माणसाला घरातल्याच कोणाचं ऐकावं लागतं. सभा पुढे ढकलता आली तर बघ. वेस्ली तुझ्या हातच्या अळूची आठवण काढतो.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी,
फुमिको

बाबेलदाओब
२६ ऑक्टोबर १९८६

चि. फुमिकोस,
आशीर्वाद वि. वि. सभा झाली, तुझं पत्र काही आलं नाही. मासाओ उठला आणि 'हो' म्हणाला. बघ, पाळण्यातलं नावच लिहिते आहे. नीट बोलला, पण मान खाली घालून. मी बायकांतून उठले आणि म्हटलं की मासाओ, खाली बस. मला वाटलं भांडेल, इंजिनाचा खुलासा करेल, निदान तुझी संमती कुठे आहे ते तरी विचारेल. तो एक शब्द बोलला नाही. मोठ्यांची जागा सोडून दाराशी, पोरांच्या मागे जाऊन बसला. लोकांनी माझी पाठ थोपटली. मला मात्र त्याचं गप्प बसणं खुपतंय. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का?
उलट टपाली लिही.
तुझी ताई,
हात्सुए

बाबेलदाओब
३ नोव्हेंबर १९८६

फुमिको,
तुझं वीस तारखेचं पत्र आज मिळालं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मतदान व्हायचंय, करार व्हायचाय, आणि तुझी चिंता आधीच कशी मिटली? कोणी मिटवली?

पत्र तसंच हातात घेऊन मासाओकडे गेले. तो जाळं शिवत होता. आधी इंजिनाचं विचारलं; ते त्याच्या सासऱ्याचं जुनं निघालं, वर नवा रंग फासलेला. फुमिकोने कोरोरला फोन केला होता का, असं विचारलं. तो म्हणाला, सुई पुढे सरकव. मग मीच चिडले. म्हटलं, सभेत का नाही सांगितलंस, की धाकटीने पोरासाठी शब्द टाकला म्हणून? तर म्हणाला, बहिणीने मागितलेलं गावाला सांगत सुटलो तर मी भाऊ कसला. म्हणाला, दोघी बहिणींनी एकेक गोष्ट मागितली. एकीने 'हो' मागितलं, दुसरीने पद. दोघींना दिलं.

मी तिथेच बसून रडले. अमेरिकेचा हात मी वकिलाच्या गोडव्यात शोधला, इंजिनात शोधला. तुझ्यात शोधायचं मला सुचलंच नाही. वेस्लीसाठी मीही कदाचित हेच केलं असतं. पण मला न सांगता केलंस, आणि पत्रातही लपवून ठेवलंस, याचा राग आहे. साफ सांगते. काढलेलं पद त्याच माणसाला परत देता येत नाही, हे तुलाही माहीत आहे. घराच्या रीतीने ते आता बहिणीच्या मुलाकडे, म्हणजे तुझ्या वेस्लीकडे जाईल. मासाओ म्हणतो, पोराचं शिक्षण पुरं होऊ दे. मी अजून काहीच म्हटलेलं नाही.

माझं मत 'नको'लाच पडेल. तू मासाओला लिही, मला नंतर लिही.
लोभ आहे तो कुठे जात नाही. फक्त इतक्यात माझ्याकडे काही मागू नकोस.
हात्सुए