पाळण्यातल्या बाळाचं कडवं

टीचर,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, तरी आमच्या घरच्या भाषेतच लिहिते आहे. वहीचं कोरं पान फाडणं जिवावर येतं, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. कुंभकोणमच्या मिशनशाळेत, आमच्या मॅट्रिकच्या वर्गात तुम्ही सांगितलंत, की फार पूर्वी समुद्र ओलांडून अमेरिकेत वसलेल्या कर्मठ ख्रिस्ती लोकांच्या घरोघरी देवाच्या निवाड्याचं एक लांबलचक काव्य असे. बायका चुलीपाशी म्हणत, मुलं पाठ करत, हाताळून पानं झिजत. मला ते फार आपलं वाटलं. आमचेही वाडवडील मराठी मुलूख सोडून इकडे तमिळ मुलखात आले ते देवाची पदं बरोबर घेऊनच. मी तुमच्याकडून ते पुस्तक मागून नेलं आणि आई भाजी चिरत असताना तिला अर्थ सांगू लागले. पापी नरकात गेले तोवर ती हूं हूं करत होती. मग जन्मताच गेलेली बाळंही दोषी ठरली, आणि विळी थांबली. आमचा धाकटा पाळण्यातच गेला होता, त्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. "उद्यापासून शाळा नको," आई म्हणाली. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मान डोलावली, म्हणजे ठरलंच.

मी वर्गात दिसेना म्हणून तुम्ही घरी आलात. तुम्ही ओसरीवर छत्री मिटता आहात, आई दारात उभी आहे, मी तिच्या मागे. "टीचरम्मा, एवढा समुद्र ओलांडून गेले ते हे पाठ करायला?" "भ्यालेली माणसं होती, अम्मा." "आणि पाळण्यातल्या बाळानं काय केलं होतं?" आता तुम्ही धर्म समजावणार आणि माझी शाळा संपणार, असं मला वाटतं. तुम्ही खाली बघून म्हणता, "माझी दोन गेली. ते कडवं मी वर्गात घेत नाही." "मग हिला पुस्तक का दिलंत?" "वाचणाऱ्या मुलीला नाही म्हणवत नाही." आई दारातून बाजूला होते. मग म्हणते, "आत या, कॉफी घ्या. ही घरी बसली तर दिवसभर मलाच इंग्रजी ऐकवेल. उद्या पाठवते."

मॅट्रिक झाले ती तुमच्यामुळे. मुलांचे अभ्यास घेतले, कागद वाचायला, सही करायला कुणावाचून कधी अडले नाही. रोज दिवा लावताना तुमचं नाव घेते. तुमच्या देवाला चालत असेल, असं धरून चालते.

एक सांगायचं राहिलं. आमच्या पदांतही यमाच्या जाचाचं एक कडवं आहे. नातवंडांना शिकवताना मी ते गाळते. सून म्हणते, अम्मांना हल्ली आठवत नाही. मी तिला तसंच समजू देते.